एकाच घराण्यातली विमानं : ए३२० आणि ७३७ वाढली कशी, आणि किती वाढवायची?

खिडकीतली_जागा
गेल्या रविवारी पुण्याहून दिल्लीला आलो. मुलगा चौथीत आहे आणि त्याला विमानांचं भयंकर वेड. बसमधून विमानापाशी उतरलो तर शेजारी शेजारी दोन विमानं उभी. रंग तोच, शेपटीवरचं चिन्ह तेच, तोंडही अगदी सारखं, पण एक चांगलंच लांब. त्यानं विचारलं, "आई, ते आपल्या विमानाचे बाबा आहेत का?" आत बसल्यावर खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढून बघितलं, आमचं ए३२० होतं. म्हणजे शेजारचं ए३२१ असणार, एवढं मला जमलं. त्यापुढे मात्र प्रश्नांची माळ लागली. मधे कापून तुकडा घालतात का? मग पंख तेवढेच कसे पुरतात? बोईंग ७३७ आजोबांच्या तरुणपणीही होतं आणि आजही नवीन येतं, मग ते जुनं की नवं?

तर माहितगारांना विचारते : विमानाचं घराणं वाढतं कसं? आणि किती बदल केला की ते 'तेच विमान' राहत नाही? उत्तरं मी त्याला वाचून दाखवणार आहे.

गणोबा
बाबा नाही, धाकटा भाऊ! ए३२० पहिल्यांदा उडालं १९८७ साली, ए३२१ उडालं १९९३ साली. आमच्या घरीही धाकटाच सहा फुटी आहे. :)

शिवणयंत्र
धागा वाचतेय. विमानातलं काही कळत नाही, पण पोराचा प्रश्न फार आवडला.

पानाबहाद्दर
ताई, मधे तुकडा वाढवतात हा पोराचा अंदाज बरोबर आहे. वीस वर्षं विमानांच्या देखभालीत आहे, दोन्ही घराण्यांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फक्त तयार विमान कापत नाहीत, कारखान्यात बनतानाच लांब बनवतात. विमानाची बॉडी म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या कड्या आणि त्यांवर पत्रा. या कड्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. ए३२० मध्ये दोन फ्रेममध्ये साधारण ५३ सेंटीमीटर अंतर असतं. ए३२१ करताना पंखाच्या पुढे ४.२७ मीटर आणि मागे २.६७ मीटर बॉडी वाढवली. दोन्हीकडे वाढवायची, कारण सगळा तोल पंखावर असतो. एकाच बाजूला वाढवली तर नाक तरी जड होईल नाहीतर शेपूट तरी. ए३१९ करताना उलटं केलं : पुढच्या चार आणि मागच्या तीन फ्रेम काढल्या. कॉकपिट तेच, बॉडीची रुंदी तीच, ३.९५ मीटर.

पंख पुरतात का, हा प्रश्न त्यानं खरंच फार छान विचारलाय. जेमतेम पुरतात. पहिलं ए३२० कमाल ७३.५ टनांचं धरलं तर पहिलं ए३२१ थेट ८३ टनांचं. म्हणून पंखाच्या मागच्या कडेला ज्या झडपा खाली येतात, फ्लॅप्स, त्या ए३२१ला दुहेरी दिल्या, पंखाचं क्षेत्र थोडं वाढवलं, चाकांचे पाय मजबूत केले आणि इंजिनाचा जोर वाढवला. बाहेरून बघणाऱ्याला नुसती लांबी दिसते, पण वाढलेलं वजन पेलायला आत बरंच काही बदलावं लागतं.

ओळखायची खूण देतो, पोराला उपयोगी पडेल. पंखावर उघडणाऱ्या छोट्या दारांच्या जागा मोजायच्या. ए३१९ला बहुतेकदा एका बाजूला एक, ए३२०ला दोन, आणि ए३२१ला पंखावर एकही नाही, त्याऐवजी एका बाजूला चार मोठे दरवाजे.

शिवणयंत्र
पानाबहाद्दर, आता थोडं कळलं. आमच्याकडे वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना आत माया ठेवतात. पुढच्या वर्षी शिवण उसवायची की फ्रॉक पुन्हा अंगाला येतो. विमानातही अशी माया ठेवतात का?

पानाबहाद्दर
शिवणयंत्रताई, याहून नेमका शब्द नाही. हो, ठेवतात. आणि ती चाकांच्या पायांत असते.

७३७ पहिल्यांदा उडालं ९ एप्रिल १९६७ला. ते लहान गावांच्या विमानतळांसाठी होतं. तिथे सामान चढवायचा पट्टा नाही, शिडी नाही. म्हणून पोट जमिनीच्या जवळ ठेवलं, माणसानं खाली उभं राहून बॅगा आत सरकवाव्यात इतकं. शिडीही विमानातच घडी करून बसवायची सोय. तेव्हाची इंजिनं सिगारसारखी बारीक आणि लांब, पंखाच्या पोटाला चिकटून बसत. म्हणून आखूड पाय चालून गेले. त्या काळाच्या हिशेबानं निर्णय उत्तम होता, मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण इंजिनाचं इंधन वाचवायचं तर पुढचा पंखा मोठा करावा लागतो. जास्त हवा, सावकाश ढकलायची. १९८४ साली ७३७-३०० उडालं, तेव्हा सीएफएम५६ इंजिन बसवायचं होतं आणि पंखाखाली जागाच नव्हती. मग पंख्याचा व्यास १.५२ मीटरवर आणला, इंजिनाच्या पोटाखाली असणारा गिअरबॉक्स बाजूला नेला आणि खालचा पत्रा चपटा केला. समोरून बघा, ७३७च्या त्या इंजिनाचं तोंड गोल नाही, खालून दाबलेलं आहे. मी शेजारी उभा राहतो तेव्हा इंजिनाची खालची कड माझ्या गुडघ्याशी येते. तेच घराणं सीएफएम५६चं, पण ए३२०वर त्याच्या भावाचा पंखा १.७३ मीटरचा आणि तोंड पूर्ण गोल. ए३२०चे पाय उंच. ते बनवणाऱ्या एअरबसनं माया ठेवली होती.

चिकलठाणा
ती सिगारसारखी इंजिनं! आमचं घर विमानतळाच्या दिशेला होतं. संध्याकाळी इंडियन एअरलाइन्सचं ७३७-२०० यायचं तेव्हा आवाजानं स्टीलच्या डब्यांची झाकणं वाजायची आणि मागे काळ्या धुराची रेघ राहायची. आजी म्हणायची, आलं बाई, दिवा लावा. आता मुंबईत डोक्यावरून त्याच नावाचं विमान जातं आणि बोलणंही थांबवावं लागत नाही. म्हणून मलाही तेच विचारायचंय, हे तेच विमान कसं?

जुना_सांताक्रूझ
माया ठेवण्यावरून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एअर इंडियाकडे १९६० साली बोईंग ७०७ आलं. त्याचं स्पर्धक होतं डग्लसचं डीसी-८. दिसायला दोघं सारखी, चार इंजिनं, लांब सडपातळ बॉडी. पण डीसी-८चे पाय उंच होते. १९६६ साली डग्लसनं त्यात जवळपास ११ मीटर घातले आणि ५७ मीटरचं विमान उडवलं. ७०७ला हे जमण्यासारखं नव्हतं. तेवढं लांब केलं असतं तर नाक उचलताना शेपटी धावपट्टीला घासली असती. तेव्हा मोठ्या विमानाचा प्रश्न बोईंगनं कोरी पाटी घेऊन सोडवला आणि ७४७ आलं.

म्हणजे पाय आखूड असण्यानं एकदा ७४७ दिलं. मला या गोष्टीचं कायम अप्रूप वाटतं.

धावपट्टी
सुंदर धागा. मी ए३२० घराण्यावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, त्याआधी ७३७वर होतो. काकांनी शेपटीचा मुद्दा काढलाय, तो आम्ही रोज जगतो.

विमान लांब झालं की नाक उचलायला कोन कमी मिळतो. ७३७-७०० जमिनीवर असताना साधारण १४.७ अंशांवर शेपटी टेकते, ८०० ही ११ अंशांवर, ९०० ही १० अंशांवर. एकच कॉकपिट, एकच लायसन्सवरची नोंद, पण ९००वर हात ७०० पेक्षा चार-पाच अंश आधी आवरता घ्यावा लागतो. शिवाय कोन कमी म्हणजे वेग जास्त, वेग जास्त म्हणजे धावपट्टी जास्त. म्हणून घराणं एक असलं तरी सकाळी कुठलं भावंड मिळालंय हे मी नेहमी मोठ्यानं बोलून घेतो.

तरीही घराण्याच्या बाजूनं बोलतो. ए३१८ पासून नव्या इंजिनांच्या ए३२१ निओपर्यंत सगळ्यांना एकच टाइप रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची तीच नोंद लागते. ऐन वेळी विमान बदललं तरी वैमानिक तोच चालतो. बटण जिथे काल होतं तिथेच आज असतं. दमलेल्या माणसाचा हात अंधारात जिथे जातो तिथेच ते बटण असणं ही सुरक्षाच आहे. सुटे भाग, सिम्युलेटर (जमिनीवर सराव करायचं नकली कॉकपिट), मेकॅनिक, सगळ्यांचाच खर्च वाचतो. २००५ साली इंडिगोनं पॅरिसला १०० विमानं एकदम सांगितली, ती सगळी एकाच घराण्यातली होती ते याचसाठी.

तिखटमीठ
धावपट्टी, हे सगळं खरं, पण याच 'एकच टाइप रेटिंग'च्या हट्टापायी ७३७ मॅक्सच्या, म्हणजे नव्या इंजिनांच्या ७३७च्या, दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. लायन एअर, २९ ऑक्टोबर २०१८, १८९ जण. इथिओपियन, १० मार्च २०१९, १५७ जण. ७३७ला तिसऱ्यांदा इंजिन बदलण्याऐवजी नवं विमान बनवायला हवं होतं. काहीतरी कुठेतरी थांबायला हवं.

मिहानकर
+१. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे पायच आखूड.

पानाबहाद्दर
तिखटमीठ, तुमचा राग मला मान्य आहे. पण काय झालं ते क्रमानं बघू, नाहीतर पोराला आपण अर्धवट सांगू.

डिसेंबर २०१० मध्ये एअरबसनं ए३२० निओ जाहीर केलं. जुनीच बॉडी, नवी इंजिनं. पाय उंच असल्यामुळे १.७३ मीटरच्या जागी २.०६ मीटरचा पंखा पंखाखाली मावला. इंडिगोनं २०११ सालीच १५० निओ मागवली. त्याच जुलैत अमेरिकन एअरलाइन्सनं ४६० विमानं सांगितली, त्यांतली २६० एअरबसची. ते गिऱ्हाईक बोईंगचं होतं. ऑगस्ट संपायच्या आत बोईंगनं मॅक्स जाहीर केलं. नवं विमान काढायला दहा वर्षं लागतात, तेवढं थांबायची त्यांची तयारी नव्हती.

आता इंजिन कुठे बसवायचं? पुढचं चाक २० सेंटीमीटर उंच केलं, इंजिन पंखाच्या पुढे आणि वर सरकवलं, तेव्हा कुठे १.७६ मीटरचा पंखा मावला. पण इंजिनाचं आवरण मोठं आणि पुढे आल्यामुळे नाक फार वर असताना तेच वर उचल देऊ लागलं आणि हातातल्या दांड्याचा जोर जुन्या ७३७सारखा लागेना. तो सारखा लागावा म्हणून एमकॅस नावाचा प्रोग्रॅम घातला. तो शेपटीचा आडवा पंख आपोआप फिरवून नाक खाली आणतो. दोन्ही अपघातांत त्याला माहिती देणारं एकच सेन्सर चुकीचं सांगत होतं, आणि तो पुन्हा पुन्हा नाक खाली दाबत राहिला.

धावपट्टी
आणि एमकॅस काय करतो हे वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये नव्हतं. हे मी कधीच माफ करू शकणार नाही. मॅक्ससाठी सिम्युलेटर लागू नये ही विक्रीची अट होती. अमेरिकेतल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला तर सिम्युलेटर लागला तर दर विमानामागे १० लाख डॉलर परत, असा करार होता. तो अमेरिकी संसदेच्या चौकशीत बाहेर आला.

पण तिखटमीठ, म्हणूनच मी म्हणतो की दोष घराणं वाढवण्याचा नाही, बदल झाकण्याचा आहे. भाऊ वेगळा आहे हे मोकळेपणानं सांगितलं असतं, दोन सेन्सर जोडले असते आणि आम्हाला चार तास सिम्युलेटरमध्ये बसवलं असतं, तर? २०२० साली विमान पुन्हा उडालं तेव्हा हेच सगळं करायला लावलं.

तिखटमीठ
झाकलं का, याचं उत्तर मात्र घराण्यातच आहे ना? सांगितलं असतं तर 'तेच विमान' म्हणता आलं नसतं. आपल्या दोघांचं इथे जमणार नाही, पण तुमचा सिम्युलेटरचा मुद्दा पटला.

रेंटनवासी
मी रेंटनजवळ राहतो, वॉशिंग्टन राज्यात. ७३७ इथेच जोडतात. बॉडी कॅन्झासमधल्या विचिटाहून मालगाडीनं येते, पूर्ण, नाकापासून शेपटीपर्यंत, हिरव्या रंगाची, बिनपंखांची. फाटकाशी गाडी थांबवून मुलीबरोबर कितीदा पाहिली आहे. खिडक्यांच्या भोकांवर चिकटपट्ट्या असतात. जवळून बघितलं तर नाकाचा आकार अगदी जुन्या ७०७चाच. बॉडीची रुंदीही तीच, ३.७६ मीटर. २०१४ साली माँटाना राज्यात अशी एक गाडी रुळावरून घसरली आणि तीन बॉड्या नदीत गेल्या होत्या. नदीकाठी हिरवी विमानं पडलेली ते फोटो इथे अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत.

मिहानकर
एक उपप्रश्न. लांब करून सगळ्यांचं भलं होतं असं दिसतंय. मग आखूड केलेली का चालत नाहीत? ए३१८ कुठे दिसत नाही.

पानाबहाद्दर
ए३१८ची एकूण ८० च बनली. ७३७-६०० ची ६९. ७४७ आखूड करून ७४७एसपी काढलं, ती ४५.

कारण असं की पंख, पाय आणि इंजिन मोठ्या भावाच्या मापाचं आणि माणसं धाकट्याएवढी. वजन दर माणशी वाढतं. घर चार खोल्यांचं आणि राहायला दोघं, वीजबिल मात्र सगळ्या घराचं. आणखी एक गंमत बघा, आखूड विमानाची उभी शेपटी उंच लागते. ए३१८ची ए३२० पेक्षा उंच आहे, ७४७एसपीचीही तशीच. शेपटी हा लांब दांड्याच्या टोकाला लावलेला हात आहे. दांडा आखूड झाला की तेवढाच जोर लावायला हात मोठा हवा. जात्याचा खुंटा मधे आणून जातं ओढून बघा, लगेच कळेल.

शिवणयंत्र
जात्याचं उदाहरण पटकन डोक्यात शिरलं! वाचनखूण साठवली.

जुना_सांताक्रूझ
मागे इंजिन असलेल्यांचंही सांगा कुणीतरी. डीसी-९ १९६५ साली उडालं तेव्हा ३१.८ मीटर, आणि त्याच घराण्यातलं एमडी-९० होईतो ४६.५ मीटर. इंजिनं शेपटीशी असल्यामुळे पंखाखालच्या जागेची अडचणच नव्हती. ताणत गेले.

गणोबा
अवांतर : मग ७३७चे पाय आता लांब करताच येणार नाहीत का?

पानाबहाद्दर
केले! मॅक्स १० हे ४३.८ मीटरचं, घराण्यात सगळ्यात लांब, २०२१च्या जूनमध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या मुख्य चाकांचे पाय उड्डाणाच्या वेळी नाक उचललं की २४ सेंटीमीटरच्या आसपास ताणले जातात, आणि आत घेताना पुन्हा आखडतात, कारण पोटातली चाकांची जागा जुनीच आहे. मला त्या इंजिनियरांचं मनापासून कौतुक वाटतं. आणि दर वेळी वाटतं, १९६७ साली एक वीत माया ठेवली असती तर?

आता मूळ प्रश्न, ताई. कागदावर ७३७-१०० आणि मॅक्स एकाच प्रमाणपत्राखाली येतात, दर वेळी त्यात भर घातलेली. म्हणून कायद्यानं तेच विमान. हातानं विचाराल तर नाही. २००ची आणि मॅक्सची इंजिनं वेगळी, पंख वेगळे, कॉकपिटचे पडदे वेगळे. राहिलं काय? ७०७कडून आलेली रुंदी आणि नाक, पोटाचं जमिनीशी अंतर, आणि एक गोष्ट पोराला नक्की दाखवा : ७३७ डोक्यावरून जाताना पोटाकडे बघा. आत घेतलेल्या मुख्य चाकांना झाकणं नाहीत. दोन काळी गोल चाकं उघडी दिसतात, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. ए३२०चं पोट मात्र बंद. चिकलठाणाकरांच्या आजी दिवा लावायच्या तेव्हाही ती चाकं तशीच दिसत असणार.

चिकलठाणा
दिसायची!! मी ती दुर्बिणीतून बघितलीयत. इतकी वर्षं वाटायचं की झाकण लावायला विसरले.

खिडकीतली_जागा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत आलो. दिल्लीला टर्मिनलच्या काचेतून त्यानं उघडी चाकं शोधली, एक ७३७ उडालं आणि पोरगा असा ओरडला की शेजारचे काका दचकले. 'माया' हा शब्दही त्याला फार आवडलाय.

पण पानाबहाद्दर, एक तक्रार आहे त्याची. येताना आमचं कार्डावर ए३२१ निओ होतं. तुम्ही सांगितलं होतं पंखावर एकही दार नाही. त्यानं दोनदा मोजलं. पंखावर एका बाजूला दोन होती, आणि पंखाच्या पुढे जो मोठा दुसरा दरवाजा हवा तो नव्हताच!

पानाबहाद्दर
शाब्बास! त्यानं अगदी बरोबर पकडलं. मी सांगितलं ते जुन्या ए३२१चं. निओमध्ये नवी रचना आली, तिच्यात पंखापुढचा दरवाजा काढता येतो, पंखावर दोन दारं आली आणि पंखामागचा दरवाजा चार फ्रेम मागे गेला. जागा मोकळी झाली म्हणून आसनं हवी तशी लावता येतात. याच घराण्यातलं लांब पल्ल्याचं ए३२१ एक्सएलआर तर १०१ टनांचं आहे, २०२४च्या नोव्हेंबरपासून माद्रिदहून बोस्टनला जातंय. पहिल्या ए३२० पेक्षा साडेसत्तावीस टन जास्त. माया किती होती बघा.

खिडकीतली_जागा
वाचून दाखवलं. आता तो विचारतोय, दरवाजा चार फ्रेम मागे गेला तर तिथल्या खिडक्या कुठे गेल्या?

पानाबहाद्दर
उद्या रात्रपाळीला एक ए३२१ निओ येतंय. एका बाजूच्या सगळ्या मोजतो आणि इथे लिहितो. त्याला तोवर ५३ सेंटीमीटरच्या पट्टीवर चित्र काढून ठेवायला सांगा, ताडून बघू.